परदेशातील स्वयंसेवा आणि भिवंडीचे तरुण

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले, आणि दक्षिण कोरियातील सोल येथे भरावयाच्या जागतिक युवा दिनासाठी ३ ते ८ ऑगस्ट २०२७ ह्या तारखा ठरल्या. साहजिकच धर्मग्रामांतील तरुणांमध्ये एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : परदेशात जाऊन काही काळ सेवा करता येईल का? भिवंडीसारख्या शहरात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. यंत्रमागाच्या धंद्याची उमेद खचलेली, गोदामांतील काम बहुतांशी कंत्राटी. अशा वेळी पदवी हाती असलेला मुलगा किंवा नर्सिंग शिकलेली मुलगी 'सेवा' म्हणते, तेव्हा मनात नोकरी आणि स्थलांतर हेही असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली की कुटुंब कर्जात बुडते.

वस्तुतः परदेशी स्वयंसेवेची आजची व्यवस्था आपल्या तरुणांसाठी उभारलेलीच नव्हती. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल ह्यांनी १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय सेवाशिबिरांची चळवळ सुरू केली आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ते स्वतः भारतात येऊन उद्ध्वस्त गावे उभारण्यासाठी झटले. ब्रिटनची 'व्हीएसओ' १९५८ मध्ये आली, अमेरिकेचे 'पीस कोअर' १९६१ मध्ये. येणारे ते आणि स्वागत करणारे आपण, हीच दिशा पुढे कायम राहिली. जर्मन सरकारने आपल्या तरुणांना गरीब देशांत पाठविण्यासाठी 'वेल्टव्हेर्ट्स' हा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू केला. त्याच कार्यक्रमातून ह्या देशांच्या तरुणांना जर्मनीत जाण्याची सोय झाली ती २०१३ मध्ये. पाच वर्षांचे हे अंतर पुरेसे बोलके आहे.

उलट दिशेने गेलेला मराठी तरुण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेला. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस चिनी भाषा शिकले, आघाडीवरील जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावले. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, पण एक साधी गोष्ट विसरतो. चीनला डॉक्टर हवे होते आणि कोटणीस डॉक्टर होते. केवळ सदिच्छा घेऊन ते गेले असते तर उपाशी देशात खाणारे एक तोंड वाढले असते.

आज उघडी असलेली दारे थोडी आहेत, पण आहेत. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला. त्यात १८ ते २६ वयोगटासाठी वेगळा विभाग आहे. अनुभवी स्वयंसेवकांसाठी किमान वय २७ लागते. निवड झालेल्यास निर्वाहभत्ता मिळतो आणि अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेतले जात नाही. घरबसल्या संगणकावरून करावयाची सेवाही तेथे आहे; ज्याला महिनोन्महिने घर सोडणे शक्य नाही त्याने तिथून आरंभ करावा. जर्मनीत सक्तीची लष्करभरती थांबल्यावर जुलै २०११ पासून सरकारी स्वयंसेवा योजना सुरू झाली. वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत वा अपंगांच्या संस्थांत साधारण वर्षभर काम, त्याबद्दल हातखर्च आणि सामाजिक विमा, असे तिचे स्वरूप आहे. परदेशी तरुणांनाही योग्य व्हिसावर ती खुली आहे. पण जर्मन बोलता आले पाहिजे, कारण आजीबाईंना आंघोळ घालताना इंग्रजी उपयोगी पडत नाही. सोलच्या मेळाव्यातील स्वयंसेवकांचे काम ह्याहून वेगळे, अल्प मुदतीचे. तेथे विमानभाडे बहुधा स्वतःच भरावे लागते, हे आधीच धरून चालावे.

आता फसव्या दारांविषयी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची सरकारी नोंदणी १९८३ च्या कायद्याने बंधनकारक केली आणि त्याखालील नियमांनी त्याच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. 'नोकरी' ऐवजी 'स्वयंसेवा' असा शब्द वापरला की ही बंधने टळतील, असा हिशेब करणारे निघतातच. म्हणून पहिला प्रश्न विचारावा : पैसे कोण कोणाला देत आहे? दुसरा प्रश्न : व्हिसा कोणता? पर्यटक व्हिसावर जा, पुढचे तिथे पाहू, असे कोणी सांगितले तर बोलणे तेथेच थांबवावे. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेले ५४९ भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणले गेले. तेही आकर्षक देकाराला भुलूनच गेले होते.

खऱ्या संस्थेच्या अर्जात एक रकाना हमखास असतो : आजवर कोणती सेवा केली? येथे आपले तरुण अडखळतात. भिवंडीत तर ह्या रकान्याला उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागू नये. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या ह्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली, तेव्हा मुंबई-नाशिक महामार्गावर पायी निघालेल्यांना पाणी व अन्न देणारे हात होते. त्या हातांपैकी किती जणांनी ते काम कुठे लिहून ठेवले, कोणाकडून प्रमाणपत्र घेतले? आपल्याकडे सेवेची नोंद ठेवणे म्हणजे बढाई मारणे असे मानले जाते. परदेशी निवड समितीला मात्र तारखा, तास आणि कामाचे स्वरूप लागते.

हे काम धर्मग्रामाच्या युवा संघाला विनाखर्च करता येईल. एक वही ठेवावी. रक्तदान शिबिर, यंत्रमाग कामगारांच्या मुलांची शिकवणी, रुग्णभेटी ह्यांची तारीखवार नोंद करावी आणि फादरांची सही घ्यावी. जर्मनीचा विचार असणाऱ्यांनी भाषेची सुरुवात किमान वर्षभर आधी करावी. मुंबईत काळा घोडा येथे मॅक्स म्युलर भवन आहे. सोलला जाऊ इच्छिणाऱ्यांनी धर्मप्रांताच्या युवा आयोगाकडे चौकशी करावी, आणि त्याआधी घरातील कपाट उघडून पासपोर्टाची मुदत केव्हा संपते ते पाहावे.