एक ना धड, भाराभर चिंध्या? दोन खेळांच्या खेळाडूची फसलेली पारख

१/ मुंबई–आग्रा महामार्गावरचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाते. भांडे वाजवून घ्यावे, हे अशा गावाला शिकवावे लागत नाही. पण याच परिसरातला एखादा मुलगा कबड्डीतही चमकला आणि भालाफेकीतही, तर त्याला मात्र कोणी वाजवून पाहत नाही. ‘दोहोंपैकी एक सोड’ असा हुकूम सुटतो आणि पाठोपाठ म्हण ऐकवली जाते : एक ना धड, भाराभर चिंध्या.

२/ ही म्हण अनुभवाचे सार म्हणून मिरवते. खेळांचा इतिहास मात्र तिच्या बाजूने साक्ष देत नाही. दोन खेळ खेळणारा खेळाडू अर्धवट असतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. अर्धवट असते ती बहुधा त्याची पारख करणाऱ्याची दृष्टी.

३/ या प्रश्नाशी सर्वाधिक झुंजलेली व्यवस्था म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचा ‘ड्राफ्ट’. १९६५ पासून तेथील व्यावसायिक संघ शालेय आणि महाविद्यालयीन खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. त्यांत बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलही खेळणारे तरुण नेहमीच असतात. अशा तरुणाने बेसबॉलला कमी तास दिलेले असतात. मग त्याचे मोल कसे ठरवायचे?

४/ १९७३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्ह विनफिल्डला तीन खेळांतील चार संघांनी निवडले : बेसबॉलमध्ये सॅन दिएगो पाद्रेस, बास्केटबॉलमध्ये अटलांटा हॉक्स आणि युटा स्टार्स, फुटबॉलमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज. यातली गंमत अशी की महाविद्यालयात तो फुटबॉल खेळलाच नव्हता! व्हायकिंग्जने त्याची फुटबॉलमधली कामगिरी पाहिली नव्हती. पाहिली होती ती शरीराची क्षमता. विनफिल्डने बेसबॉल निवडला. कनिष्ठ लीगची एकही पायरी न चढता तो थेट मेजर लीगमध्ये उतरला आणि ३,११० हिट्स नोंदवून २००१ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. चिंध्यांचा ढीग असा दिसत नाही.

५/ प्रतिपक्षाकडेही उदाहरण आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१८ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने कायलर मरेला नवव्या क्रमांकावर निवडले. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि बेसबॉल संघ हात चोळत बसला. पण यातून सिद्ध काय होते? दोन खेळांचा खेळाडू निसटू शकतो, एवढेच. ही कराराची जोखीम आहे, गुणवत्तेची उणीव नव्हे. त्याला मागणी दोन्हीकडून होती, म्हणूनच तर तो निसटला.

६/ सक्तीच्या निवडीची किंमत भारतानेही पाहिली आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन हॉकी आणि क्रिकेट दोन्ही उच्च पातळीवर खेळत. १९३६ मध्ये त्यांच्यासमोर बर्लिन ऑलिंपिक आणि इंग्लंडचा क्रिकेट दौरा असे दोन रस्ते होते. त्यांनी क्रिकेट निवडले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. हॉकी संघ मात्र सुवर्णपदक घेऊन परतला.

७/ आता महाराष्ट्राकडे. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कारांच्या पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. टेनिसच्या मैदानावर गेलेली वर्षे ‘वाया गेली’ म्हणणाऱ्याने हातातल्या रॅकेटकडे एकदा पाहावे.

८/ याहून कठोर साक्ष सांगली जिल्ह्यातल्याच मुरलीकांत पेटकरांची. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धातील गोळ्यांनी त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. ‘टेबल टेनिसपटू’ असा शिक्का मारून कोणी १९६८ मध्येच फाइल बंद केली असती, तर ते पदक कोठून आले असते?

९/ तरीही उत्साहाला मर्यादा हवी. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. बेसबॉल त्यांना ठाऊकही नव्हता. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. भाल्याने कमावलेला खांदा चेंडूला वेग देतो; चेंडू कोठे आणि केव्हा टाकायचा हे शहाणपण देत नाही. त्याला वर्षे लागतात. कौशल्याचा काही भागच एका खेळातून दुसऱ्यात जातो, हा या प्रयोगाचा धडा. ‘एकच खेळ खेळा’ हा नव्हे.

१०/ म्हणून पारख करणाऱ्याने तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. पहिला : कोणते गुण दोन्ही खेळांत उपयोगी आहेत? वेग, उडी, खांद्याची ताकद, नजर? दुसरा : आजची पातळी त्याने किती तासांच्या सरावात गाठली? दोघांची कामगिरी सारखी असेल, तर निम्म्या सरावात तेथे पोहोचलेल्याच्या वाढीला अजून जागा असू शकते. तिसरा : तो हा खेळ सोडून जाण्याची शक्यता किती? आपल्या मैदानांवर बहुतेकदा फक्त तिसराच प्रश्न विचारला जातो, तोही निष्ठेची परीक्षा म्हणून.

११/ अमेरिकेतल्या संघांजवळ पैसा असतो. एक मरे गेला तर दुसरा घेता येतो. खानदेशातल्या मुलाजवळ उमेदीची चार-पाच वर्षेच असतात. बाराव्या वर्षी त्याच्या हातून भाला काढून घेतला, तर त्या भाल्याने तो काय झाला असता, याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. निवड करणाऱ्याची चूक म्हणूनच कधी उघडी पडत नाही आणि म्हण मात्र खरी ठरत जाते. भांडे न वाजवताच ते फुटके ठरवण्याला पारख म्हणत नाहीत.