नकाराखाली सही कोणाची?
सरकारी डिजिटल सेवा सुलभ करण्याचा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा उत्तरदायित्वाचा अधिक आहे

नवी दिल्ली : बँकेत खाते उघडण्यासाठी किंवा मोबाइलचे सिमकार्ड घेण्यासाठी ऑनलाइन पडताळणी करताना अनेकदा कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण प्रत्यक्ष हजर असल्याचे दाखवावे लागते. ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्या आणि डोळे जळून गेले, त्यांनी हे कसे करावे? पडदा दिसतच नसलेल्या व्यक्तीने चौकटीत चेहरा कसा आणावा? ॲसिडहल्ल्यातून बचावलेले नागरिक आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ते यांनी हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी त्यावर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि पडताळणीची प्रक्रिया सर्वांना वापरता यावी यासाठी २० निर्देश दिले.

हा निकाल दिव्यांगांच्या संदर्भातील असला तरी त्याचा आशय अधिक व्यापक आहे. सेवा वापरता न येणे हा नागरिकाच्या क्षमतेतील उणेपणा आहे, असे मानण्याची प्रशासनाला सवय जडली होती. न्यायालयाने हा दोष सेवेच्या रचनेकडे वळवला. हाच निकष इतर सरकारी सेवांना लावला तर काय दिसते, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

विस्तार निर्विवाद, सुलभता अपुरी

१ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडिया कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानंतरच्या काळात झालेले काम नाकारता येणार नाही. डिजिलॉकरमुळे प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे गठ्ठे घेऊन फिरण्याची गरज कमी झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उमंग ॲपने अनेक खात्यांच्या सेवा एका ठिकाणी आणल्या. देशभरातील सामाईक सेवा केंद्रांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला आणि तलाठी कार्यालयातील खेपा वाचल्या.

तरीही सेवा उपलब्ध असणे आणि ती वापरता येणे यांत अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के, तर स्त्रियांचे ३३.३ टक्के होते. स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. तेव्हापासून स्मार्टफोनचा प्रसार वाढला आहे. पण घरातील फोन कोणाच्या हातात असतो आणि ओटीपी कोणाच्या क्रमांकावर येतो, हे प्रश्न फोनची संख्या वाढल्याने आपोआप सुटत नाहीत.

महाराष्ट्रातील ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये हेच दिसून आले. दरमहा १,५०० रुपयांच्या या योजनेत लाभार्थी महिलेच्या आधारबरोबरच पती किंवा वडिलांच्या आधारचीही ओटीपीद्वारे पडताळणी आवश्यक करण्यात आली. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांच्यासाठी हा टप्पा ओलांडणे अशक्य ठरले. पुढे शासनाने अशा महिलांसाठी वेगळी तरतूद केली आणि मुदतही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. सुधारणा स्वागतार्ह होती. मात्र, राज्यात विधवा आणि परित्यक्ता महिला आहेत, ही काही प्रक्रिया सुरू झाल्यावर नव्याने समजलेली गोष्ट नव्हे. अर्जाचा आराखडा तयार होत असताना दोन-चार गावांत तो प्रत्यक्ष भरून पाहिला असता, तर ही अडचण पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

कागदावरील नकार आणि पडद्यावरील नकार

जुन्या कागदी व्यवस्थेचे दोष सर्वज्ञात आहेत. खेपा, विलंब, चिरीमिरी आणि टेबलामागून होणारी अरेरावी यांना कंटाळूनच लोकांनी ऑनलाइन सेवांचे स्वागत केले. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. अर्ज फेटाळला गेला, तर त्यावर कारण, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असे. त्या कागदाच्या आधारे वरिष्ठांकडे दाद मागता येत असे.

पडद्यावरील नकाराचे स्वरूप निराळे आहे. ठसे जुळले नाहीत, सर्व्हर प्रतिसाद देत नाही, ओटीपी आला तोवर वेळ संपली, नाव नोंदीशी जुळत नाही. यांपैकी कोणत्याही प्रसंगी अर्ज फेटाळला जात नाही. तो दाखलच होत नाही. ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ या वाक्याखाली कोणाचीही सही नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकाला ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा, ती न मिळाल्यास अपील करण्याचा आणि शेवटी आयोगाकडे जाण्याचा हक्क आहे. परंतु मुदतीची गणना अर्ज स्वीकारला गेल्यापासून होते. जो अर्ज यंत्रणेने स्वीकारलाच नाही, त्याची पोच नाही. पोच नाही म्हणून मुदत नाही आणि मुदत नाही म्हणून अपीलही नाही. कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने पहिल्याच पायरीवर निष्प्रभ होतो आणि कार्यालयाच्या नोंदीत मात्र एकही तक्रार दिसत नाही.

या धोक्याची जाणीव शासनाला नव्हती असे नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये, आधार क्रमांक मिळालेला नसल्यास ओळखीचे पर्यायी साधन स्वीकारण्याची तरतूद आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्न मंत्रालयाने राज्यांना कळवले होते की, आधार नाही किंवा बायोमेट्रिक जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये आणि अशा प्रसंगांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. कल्पना साधी असली तरी तिचे मोल मोठे आहे. यंत्र अडले तरी धान्य मिळावे आणि यंत्र किती वेळा अडले, हे शासनाला कळावे. अशी अपवाद नोंदवही प्रत्येक सक्तीच्या डिजिटल सेवेला का नसावी?

मराठी पान, इंग्रजी चूक

भाषेचा प्रश्न बहुधा ‘संकेतस्थळ मराठीत आहे का’ एवढ्यावरच थांबतो. वास्तविक पहिले पान मराठीत असते. पण पुढे गेल्यावर सूचना इंग्रजीत येतात आणि काही चुकले तर चुकीचा संदेश हमखास इंग्रजीत असतो. ज्या क्षणी समजून घेण्याची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी भाषा साथ सोडते. जिथे मराठी असते, तिथेही ‘अधिप्रमाणन अयशस्वी’ यासारखी वाक्ये वाचून नेमके काय करायचे, हे पदवीधरालाही उमगत नाही. ‘तुमचे बोट यंत्राने ओळखले नाही. बोट पुसून पुन्हा ठेवा किंवा ओटीपीचा पर्याय निवडा’ असे लिहिण्यास अधिक खर्च येत नाही. नकारार्थी वाक्यात विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे की ‘नाही’, हा गोंधळही भाषेचाच आहे आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

नावांची अडचण याच्याही पलीकडची आहे. सातबाऱ्यावर नाव देवनागरीत, आधारवर रोमन लिपीतही आणि बँकेत केवळ रोमन लिपीत. एकाच आडनावाची रोमन लिपीत दोन-तीन रूपे होतात. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव गळते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते, पण सर्व नोंदी एकाच वेळी बदलत नाहीत. माणसाला एका नजरेत कळणारी ही भिन्नता यंत्राला ‘दोन वेगळ्या व्यक्ती’ म्हणून दिसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांना हा प्रश्न दुहेरी भेडसावतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोक आहेत. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या कुटुंबाला राज्याच्या सेवा त्या राज्याच्या भाषेत मिळतात, हे स्वाभाविक आहे. मात्र केंद्राच्या सेवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत मिळायला हरकत नसावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. संमती मराठीत घ्यायची आणि सेवा इंग्रजीत द्यायची, ही विसंगती टिकणारी नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या भाषांतर व्यासपीठाचा उपयोग इथे होऊ शकतो. परंतु यंत्राने केलेल्या भाषांतरावरून माणसाची नजर फिरल्याखेरीज ते नागरिकांपुढे ठेवू नये.

जिथे पर्याय ठेवला, तिथे सेवा रुजली

सुलभ सेवा कशी घडते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ ही हयातीच्या दाखल्याची डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. वयोमानाने बोटांचे ठसे पुसट होतात, ही अडचण लवकरच पुढे आली. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन दाखला घेऊ लागला. शिवाय बँकेत समक्ष जाऊन कागदी दाखला देण्याचा मार्गही खुला राहिला. ‘पीएम-किसान’ योजनेतही ई-केवायसीसाठी आधी ओटीपी व बायोमेट्रिक आणि जून २०२३ पासून चेहऱ्याद्वारे पडताळणी, असे मार्ग उपलब्ध झाले.

कोविड लसीकरणाचा धडा सर्वांत बोलका आहे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी को-विन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्याकडे साधन नाही, त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात उपस्थित केला. जूनमध्ये केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करून लस घेण्याचा मार्ग सर्वांसाठी खुला झाला आणि को-विन प्रादेशिक भाषांतही आले. यंत्रणा तीच राहिली. दार मात्र दुसरेही उघडले.

यूपीआयच्या यशाकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. २०१६ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली भाजीवाल्यापर्यंत पोहोचली, त्यामागे तिचा सोपेपणा आहेच. पण तो सोपेपणा आला कुठून? ग्राहकाकडे रोख पैशांचा पर्याय कायम होता. ॲप किचकट वाटले, तर तो दुसरे ॲप घेऊ शकत होता. त्यामुळे सोपे राहणे ही सेवा देणाऱ्याची गरज बनली. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ आले, तेही याच गरजेतून. ज्या सरकारी सेवेत नागरिकाला पर्यायच नसतो, तिथे हा दबाव नाहीसा होतो. ग्राहक पाठ फिरवू शकतो; शिष्यवृत्तीचा विद्यार्थी किंवा शिधापत्रिकाधारक फिरवू शकत नाही. म्हणून सक्ती जितकी कडक, तितकी सुलभतेची जबाबदारी मोठी असायला हवी. प्रत्यक्षात बहुतेकदा याच्या उलट घडते.

पुढील वाट

प्रशासनाची बाजूही समजून घ्यायला हवी. बोगस लाभार्थी, दुबार नोंदी आणि मध्यस्थांची गळती हे प्रश्न खरे आहेत. पडताळणी शिथिल केली, तर सार्वजनिक पैशाची हानी होते. मात्र बोगस व्यक्तीला रोखणारी चाळणी पात्र व्यक्तीलाही अडवत असेल, तर त्या चाळणीचे यश केवळ वाचलेल्या रकमेवर मोजणे अपुरे आहे. वगळल्या गेलेल्यांत अपात्र किती आणि कंटाळून परतलेले पात्र किती, हे वेगळे काढल्याशिवाय बचतीचा हिशेब पूर्ण होत नाही.

नियमांची उणीव फारशी नाही. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून असून त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले. उणीव आहे ती नियम मोडल्यास जाब विचारण्याची.

त्यासाठी काही गोष्टी आजही शक्य आहेत. प्रत्येक अयशस्वी प्रयत्नाला क्रमांक, वेळ आणि कारण असलेली पोच अर्जदाराच्या भाषेत मिळावी आणि लोकसेवा हक्क कायद्यांखाली ती अपिलासाठी ग्राह्य धरावी. ठरावीक वेळा यंत्रणा अडल्यास प्रकरण आपोआप एका नामनिर्देशित अधिकाऱ्याकडे जावे. शासनाकडे आधीच असलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागू नये. कोणतीही सेवा सक्तीची करण्यापूर्वी ती वृद्ध, दिव्यांग, साधा फोन वापरणारे आणि एकल महिला यांच्याकडून प्रत्यक्ष वापरून घ्यावी. सेवा केंद्रचालक आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर ऑनलाइन कामांचा जो भार पडतो, त्याचा योग्य मोबदला द्यावा. कारण अनेक गावांत त्यांचा मदतीचा हात हीच खरी डिजिटल सेवा आहे. आणि खात्यांनी किती नोंदण्या झाल्या एवढेच जाहीर न करता, किती जणांनी अर्ज सुरू केला, त्यांपैकी किती जणांना सेवा मिळाली आणि बाकीचे कोणत्या टप्प्यावर थांबले, हेही प्रसिद्ध करावे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या नागरिकाला ओळख मिळावी, हा त्या निवडीमागचा संकेत होता. त्या नागरिकाला आता क्रमांक मिळाला आहे. यंत्राने तो ओळखला नाही, तर पुढे कोणाकडे जायचे, याचे लेखी उत्तर त्याला मिळायला हवे.