भरताची काडी डिसेंबरातच निवडा, बाकीची गंजी ठेवू नका

थंडी पडली, चंपाषष्ठी झाली की आपल्या धरणगाव पट्ट्यात शेताशेतात धूर दिसायला लागतो. भरीत पार्ट्यांचा सीझन. वांगी कुठली आणायची यावर आपण तासभर भांडतो. बामणोदची की आसोद्याची, बी किती, साल पातळ का जाड. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, म्हणून मान अजून ताठ. पण ते वांगं ज्यावर भाजायचं ती काडी कुठली, हे कोणी विचारत नाही. बांधावर हात घातला, जी आली ती पेटवली.

माझं मत सरळ आहे. भरीत कपाशीच्या काडीवरच व्हावं. पण काडी निवडून घ्यावी, आणि भरताच्या नावाखाली गंजी मेपर्यंत बांधावर ठेवू नये.

आधी काडीच का ते पाहू. कपाशीची काडी बारीक, पण आतून लाकूडच. वाळली की झटकन पेटते आणि जाळ मोठा देते. वांग्याची साल एकदम करपते, आतलं पाणी वाफ होऊन गर शिजवतं आणि साल फाटली की तिथून धूर आत शिरतो. चव त्या धुरात असते. लाकडातलं लिग्निन जळताना जी द्रव्यं सुटतात, त्यांचाच तो खमंग वास. गॅसवर साल जळते, गर शिजतो, पण लाकूडच नाही तर वास कुठून येणार?

ही निवड जगभर करतात. अमेरिका-कॅनडात मांस, मासे धुरावर भाजताना मेपलचं लाकूड वापरतात, कारण त्याचा धूर सौम्य आणि जरा गोडसर. त्यातही कठीण जातीचं मेपल जास्त वेळ टिकतं, मऊ जातीचं लवकर जळून जातं. टेक्सासमध्ये मेस्किट वापरतात. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावकीतलं झाड. धूर उग्र, निखारा कडक. आपण जिला शिव्या देतो तिच्या भावकीचं लाकूड तिकडे हौसेनं विकत घेतात!

आता आपल्याकडची लाकडं बघा.

कपाशी: जाळ मोठा, वेळ कमी. भरतासाठी पहिली पसंती.
तूर: कपाशीसारखीच बारीक आणि चांगली जळणारी. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाली की हीच वापरावी.
बाभूळ: निखारा दमदार. बट्ट्या, भाकरीला उत्तम. भरताला जाळ कमी पडतो.
निंब: माझ्या जिभेला त्याचा धूर कडवट लागतो. मी वापरत नाही.
कण्हेर: अजिबात नको. झाड विषारी आहे, फांदी आगीत टाकणं तर सोडाच, काडी म्हणून वांग्यात टोचूही नका.

आणि पेटवायला युरियाची गोणी, ठिबकची तुटकी नळी, डिझेलचा बोळा? हे बंद करा. प्लास्टिकचा धूर वांग्याच्या फाटलेल्या सालीतून सरळ गरात जातो. साल काढली तरी तो निघत नाही. वाळलेली तुराटी मूठभर घ्या, लगेच पेटते. ओली काडीही नको. ती धुमसते, धूर करते आणि भरताला काजळीचा वास येतो.

आता कपाशीची काडी कशी निवडायची? उभ्या पिकातच ठरवा. ज्या वावरातली फवारणी सगळ्यात आधी थांबली, ते वावर निवडा. शेवटच्या फवाऱ्याला निदान दीड महिना झालेला असावा. झाड उपटा, मूळ आणि माती तोडा, आणि राहिलेली सगळी बोंडं, कवड्या हातानं खुडा. आठ-दहा दिवस उन्हात वाळवा. मोडताना कडकन आवाज आला म्हणजे तयार. दोन-तीन पेंढ्या बांधून कोरड्या जागी ठेवा. घरच्या भरीत पार्टीला एवढं पुरतं.

बोंडं खुडा म्हणतोय ते फक्त चवीसाठी नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपली कशी दाणादाण उडवली ते विसरलात का? ही अळी न फुटलेल्या बोंडात, सरकीत सुप्त पडून राहते. आपण काड्या बांधावर रचून ठेवतो, चूल आणि भरतासाठी. पुढं जूनच्या आसपास त्यातूनच पतंग निघतात. आपल्याकडं मान्सूनपूर्व लागवड जास्त, त्यामुळे कपाशी लवकर पाते-फुलावर येते आणि पतंगाला पहिलं घर तयार मिळतं. म्हणजे आपल्याच गंजीतून आपल्याच वावरात कीड आपण पाठवतो. शेजाऱ्याच्याही.

एकरी साधारण टनभर काडी निघते. त्यातली भरताला लागते किती? पोतंभर वांग्यांना दोन-चार पेंढ्या. बाकीची काडी श्रेडरनं बारीक करून जमिनीत गाडा, किंवा ब्रिकेट, पार्टिकल बोर्ड करणाऱ्यांना द्या. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं या दोन्हीचं तंत्र कधीचंच दिलंय. गावात श्रेडर नसेल तर चार-पाच जणांनी मिळून भाड्यानं आणावा. वावरातच पेटवून देणं म्हणजे जमिनीचं खाणं जाळणं. आणि फरदडीच्या लोभानं फेब्रुवारीपर्यंत पीक उभं ठेवणं म्हणजे अळीला आणखी दोन महिने पोसणं.

काही जण म्हणतील, चुलीला काडी लागते, सगळी देऊन कसं चालेल? खरं आहे, गॅस सिलिंडर परवडत नाही अशी घरं आपल्यातच आहेत. त्यांनीही ठेवावी, पण बोंडं खुडून, आणि मे संपायच्या आत जाळून मोकळी करावी. बोंडासकट रचलेली गंजी कोणाच्याच बांधावर नको.

या हंगामात भरताला बसाल तेव्हा बडगीत वांगी ठेचता ठेचता शेजारच्या पेंढीवर एक नजर टाका. एक जरी किडकं बोंड दिसलं तरी ते आधी आगीत टाका, मग कळण्याच्या भाकरीला हात लावा.