पदक आणि पाणी

सन २००१ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस वॉशिंग्टन येथील संसदभवनाच्या घुमटाखाली चार वृद्ध सैनिकांना सुवर्णपदके अर्पण करण्यात आली. हे चौघे नवाहो जमातीचे, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. १९४२ साली ज्या २९ नवाहो तरुणांनी आपल्या मातृभाषेतून अमेरिकन मरीन दलासाठी युद्धाची गुप्त संकेतभाषा रचली, त्यांच्यापैकी त्या दिवशी अवघे पाच हयात होते. त्यांतले चौघे समारंभास येऊ शकले. जे आधीच मृत्यू पावले होते त्यांची पदके त्यांच्या वारसांच्या हाती पडली.

युद्ध संपले १९४५ साली. ही संकेतविद्या १९६८ पर्यंत सरकारी गुपित होती, म्हणून तिचा गौरव करता आला नाही, असे कारण सांगण्यात येते. ते आम्ही मान्य करतो. परंतु त्यापुढील ३३ वर्षांचे काय? त्या अवधीत, १९८२ साली, एक दिवस या सैनिकांच्या नावाने जाहीर झाला, एवढेच. पदकाचा कायदा अमेरिकेच्या विधिमंडळाने २००० सालच्या डिसेंबरात केला. (या विधिमंडळास तिकडे काँग्रेस म्हणतात, आमच्या वाचकांनी नावावरून भलताच समज करून घेऊ नये.)

या पदकाच्या मागील बाजूस नवाहो भाषेतच एक वाक्य कोरलेले आहे. नवाहो भाषेच्या साहाय्याने शत्रूचा पराभव झाला, असा त्याचा आशय. वाचकहो, या वाक्यापाशी थोडे थांबा. ज्या सरकारने हे वाक्य सोन्यावर उमटविले, त्याच सरकारच्या निवासी शाळांत नवाहो मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. साबणाने तोंड धुण्याची शिक्षा तर प्रसिद्धच आहे. रानटी म्हणून जी भाषा मुलांच्या जिभेवरून खरवडून काढावयाची होती, तीच पुढे पॅसिफिकच्या बेटांवर राष्ट्राच्या कामी आली. त्या तरुणांनी पाणबुडीस 'लोखंडी मासा' म्हटले, रणगाड्यास 'कासव' म्हटले, बॉम्बला 'अंडी' म्हटले. आणि अमेरिकेस त्यांनी शब्द योजिला तो 'आपली आई'! १९४५ साली इवो जिमा बेटावरील लढाईच्या पहिल्या दोन दिवसांत सहा नवाहो सैनिकांनी आठशेहून अधिक संदेश एकही चूक न करता पोहोचविले.

ही आई त्यांना कशी वागविती झाली? अमेरिकेच्या सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ सालचा आहे. तरीही अॅरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांत, म्हणजे बहुसंख्य नवाहो जेथे राहतात तेथेच, युद्धावरून परतलेल्या सैनिकास मतदानाचा हक्क नव्हता. अॅरिझोनाने त्यांना 'पालकत्वाखालील' माणसे ठरविले होते. बंदूक चालविण्याइतके सज्ञान, मत देण्याइतके नव्हेत. १९४८ साली न्यायालयांनी हे अडथळे दूर केले. तेही आपोआप नव्हे. न्यू मेक्सिकोत मिगेल ट्रुहियो आणि अॅरिझोनात फ्रँक हॅरिसन हे दोन माजी सैनिक फिर्याद घेऊन उभे राहिले, म्हणून. हे दोघेही नवाहो नव्हते, परंतु मूळ रहिवासीच होते. त्यांच्या या लढाईचे मोल आम्हांस सुवर्णपदकाहून अधिक वाटते.

हे सारे आम्ही दूरदेशची नवलकथा म्हणून सांगत नाही. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. गावात ज्या 'नाक' प्रत्ययाने माणसाची पायरी ओळखली जाई, तोच प्रत्यय तेथे सन्मानाने दगडावर चढला. पण ज्या राज्यसत्तेने तो दगड उभारला तिनेच १८९० च्या दशकात महारांना सैन्याचा दरवाजा बंद केला. दगड जागचा हलला नाही. भाकरी मात्र गेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावास गेले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडास गेले. महाडच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी दापोलीच्या लष्करी पेन्शनरांची आणि बंद झालेल्या सैन्यभरतीची आठवण काढली, आणि दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, सारा समुदाय चवदार तळ्याकडे निघाला. पूर्वजांच्या शौर्याचा अभिमान आणि सार्वजनिक पाण्यावरचा हक्क यांची गाठ बाबासाहेबांनी अशी घालून दिली. आज आपल्यापैकी जे केवळ स्तंभापाशी फुले वाहून घरी परततात, त्यांनी ती सोडलेली आहे असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

नवाहोंचा प्रश्नही अखेर पाण्यापाशीच येऊन ठेपला आहे. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना बंदुकीच्या धाकाने शेकडो मैल पायपीट करावयास लावून मायभूमीतून हुसकले. १८६८ च्या तहाने ते परत आले. त्या भूमीवरील सुमारे तीस टक्के घरांत नळाचे पाणी नाही, असे सांगितले जाते. कुटुंबे मैलोगणती अंतरावरून पिंपे भरून आणतात. तहाप्रमाणे आमच्या पाण्याची तजवीज करा, असा दावा नवाहोंनी लावला. २०२३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार अशा मतांनी निकाल दिला, की पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने काही केलेच पाहिजे असे बंधन तो तह घालीत नाही.

त्यानंतर नवाहो, होपी आणि सान हुआन सदर्न पायुट या तीन जमातींनी पाण्याच्या वाटपाबाबत तडजोड मान्य केली, आणि तिच्यासाठी पाच अब्ज डॉलरांची तरतूद मागणारे विधेयक २०२४ साली काँग्रेसपुढे मांडण्यात आले. पदकाचा कायदा ज्या सभागृहांनी केला, तीच ही सभागृहे. आमच्या वाचकांपैकी जे परदेशांत आहेत, विशेषतः अमेरिकेत राहून तेथे मत देतात, त्यांनी आपल्या प्रतिनिधीस या विधेयकाबाबत त्याने काय केले हे पत्र लिहून विचारावे.