नवा कॉम्प्युटर, जुनी खोड

मागच्या शनिवारी मामेभाऊ लॅपटॉप घेऊन घरी टपकला. "दादा, नवीन एसएसडी टाकली, रॅम १६ जीबी केली, तरी रखडतोय. बघ ना जरा." दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं होतं, वर ऑफिस, फोटोशॉप, पीडीएफ एडिटर, सगळं "फ्री". स्वारी खूश!

टास्क मॅनेजरमध्ये एक अनोळखी प्रोसेस अर्धा सीपीयू खात बसली होती. मग विंडोज सिक्युरिटीतली एक्सक्लूजन्सची यादी उघडली, तर तिथे अख्खा सी ड्राइव्ह! म्हणजे रखवालदाराला सांगून ठेवलंय, बाबा रे, घराकडे बघूच नकोस. क्रॅक चालवायचा तर अँटीव्हायरस आडवा येतो ना. आणि हा पठ्ठ्या सीएची आर्टिकलशिप करतो. क्लायंट्सचे पॅन, बँक स्टेटमेंट्स, रिटर्न्स, सगळं त्याच ड्राइव्हवर.

गंमत म्हणजे या चोरीची गरजच नव्हती. लॅपटॉपसोबत विंडोज ११ होम विकत आलेलं होतं. त्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते, एसएसडी बदलली म्हणून ती कुठे जात नाही. होम टाकलं की नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. पण दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर प्रो होतं, म्हणून प्रो. आणि मग अ‍ॅक्टिव्हेटर.

दुकानदाराचं सोडा हो. मला राग येतो तो आपला, सॉफ्टवेअर लिहून पगार घेणाऱ्यांचा. ऑफिसात एखादी लायब्ररी वापरायची तर तिचं लायसन्स तपासून घेणारे आपण, घरी आलो की नातेवाइकांच्या मशीनवर हेच उद्योग करतो. वर ऐकवतो, "पर्सनल यूजला काय होतंय?"

होतं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सिक्युरिटी कंपनीने दाखवलं होतं की केएमएसपिको हा अ‍ॅक्टिव्हेटर म्हणून फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट येतो. ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट्स चोरतो. शिवाय खरा केएमएसपिकोही टाकून देतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं!

मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. इंग्रजीतल्या "फ्री"चा घोळ आपल्याकडे व्हायचं कारण नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उघडा असतो, लायसन्स वापरायची रीतसर परवानगी देतं. क्रॅक नुसता फुकट.

तर मी सगळं फॉरमॅट केलं. विंडोज होम. अँटीव्हायरस म्हणून आतलाच डिफेंडर, चालू ठेवला तर पुरतो. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. व्हीएलसी, सेव्हन-झिप, पीडीएफ वाचायला चिमुकला सुमात्रा. पासवर्डसाठी कीपासएक्ससी. प्रत्येक गोष्ट तिच्या मूळ साइटवरून, "फ्री डाउनलोड"ची मोठ्ठी हिरवी बटणं असलेल्या साइटवरून नाही.

ऑफिसवर मात्र वाद झाला. लिब्रेऑफिस पत्रं, साधे तक्ते, प्रेझेंटेशन यांना उत्तम. पण एक्सेलचे मॅक्रो त्यात जसेच्या तसे चालतील याची खात्री नाही, आणि याच्या फर्ममधल्या शीट्स मॅक्रोंनी खचाखच भरलेल्या. मी म्हटलं, एक्सेलवर पोट असेल तर एक्सेल विकत घे. तोंड वाकडं! रॅमला पैसे मोजताना नव्हतं झालं.

मराठीसाठी तर क्रॅक केलेले जुने डीटीपी फॉन्ट अजून फिरतात. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली की नुसती अगम्य चिन्हं. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, युनिकोड लिहितो. फॉन्ट हवा तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, नावाप्रमाणेच मुक्त.

"आणि फोटोशॉप?" शेवटचं कधी उघडलं होतंस, विचारलं. पासपोर्ट साइज फोटो कापायला. गिंप टाकून दिलं.

राहिले पासवर्ड. माझ्या मशीनवर बसून ते बदलता बदलता रात्रीचे अकरा वाजले. क्लायंट्सना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. सोमवारी तो सरांशी बोलणार आहे.