मोठा मासा विकायचा असेल तर आधी फिल्टर विका



आजचा विषय अ‍ॅक्वेरियमच्या दुकानाचा. तुमचा धंदा दुसरा असला तरी वाचा, कारण ही चूक सगळेच करतात.

काही वर्षांपूर्वी इथेच, नाशिकमध्ये, मी मुलीसाठी दोन ऑस्कर घेतले. दोन इंचांची पिल्लं, सोबत दोन फुटी टाकी आणि एक छोटा फिल्टर. दुकानदार म्हणाला, "टेन्शन नाही सर, आरामात राहतील." पाच महिन्यांत मासे वीतभर झाले, पाणी दुधाळ झालं आणि एका सकाळी दोन्ही तरंगत होते. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. त्या दुकानात मी परत पाऊल ठेवलं नाही.

आता मला सांगा, त्या दुकानदाराने काय कमावलं? एक विक्री. आणि काय गमावलं? खाद्य, औषध, मोठी टाकी, पुढच्या कित्येक वर्षांचा कस्टमर.

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या माशाच्या धंद्यात मासा हा प्रॉडक्टच नाही. प्रॉडक्ट आहे चालू, स्वच्छ पाणी.

गणित बघा. ऑस्कर फूटभर वाढतो. सिल्व्हर अरोवाना अडीच-तीन फूट. दुकानात 'शार्क' म्हणून विकतात तो पंगस त्याहूनही मोठा होऊ शकतो. हे मासे खूप खातात, तेवढीच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकी आणि मोठा मासा एकाच दिवशी विकणं, इथेच पहिली चूक होते.

दुसरी चूक खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 250 लिटर पाणी मावतं. मोठ्या माशांसाठी तासाला निदान पाचपट पाणी फिल्टरमधून फिरावं, म्हणजे 1250 लिटर. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. स्पंज, सिरॅमिक रिंग भरल्या, पाणी वर चढवलं की तो बराच घसरतो. कस्टमरला बादली टेस्ट करून दाखवा. 10 लिटरची बादली 36 सेकंदांत भरली तर तासाला 1000 लिटर. मोबाइलवर वेळ लावा, संपला वाद!

पण पाणी फिरलं पाहिजे म्हणून माशाच्या तोंडावर झोत मारायचा नाही. ऑस्कर, अरोवाना हे संथ पाण्यातले मासे. भोकं पाडलेल्या आडव्या पाइपमधून पाणी पसरून सोडा. पृष्ठभाग हलता राहील, प्राणवायू मिसळेल आणि एक कोपरा शांत राहील. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्त महत्त्वाचं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यातच लाइट गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप सोबत द्याच.

आणि हे विकतानाच सांगा: फिल्टर कितीही भारी असला तरी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावंच लागतं. नायट्रेट फिल्टरने जात नाही. स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळा.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." जाईल. काही नक्की जातील. मोठा फिल्टर महाग असतो. 25 वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला 18 युनिट वीज खातो. हेही लपवू नका. ज्याला परवडत नाही त्याला गप्पी विका, मॉली विका. छोट्या टाकीत आनंदाने राहतील.

कारण वाढलेला मासा शेवटी कुठे जातो, माहितेय? बादलीत घालून गंगेवर. लोकांना वाटतं, पुण्य लागलं. पुण्य कसलं! अ‍ॅक्वेरियममधला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी खराब करतो आणि बाजारात त्याला भाव नाही. कोणाच्या तरी काचेच्या टाकीतली अडचण दुसऱ्याच्या पोटावर आली. म्हणून दुकानात बोर्ड लावा: 'मासा मोठा झाला तर नदीत सोडू नका, आमच्याकडे परत आणा.'

या आठवड्यात एकच काम करा. पुढचा कस्टमर ऑस्कर मागेल तेव्हा भाव सांगण्याआधी विचारा, "टाकी केवढी आहे? फिल्टर कोणता?" उत्तर पटलं नाही तर विक्री थांबवा. त्या दिवशी गल्ल्यात थोडे पैसे कमी पडतील. पण तुमच्याकडून घेतलेला मासा जगतो, ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण जबाबदारीने!