यंदा दिवाळीआधी मेंदी कापू नका

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आणि पाचगाव-पर्वतीवर रोज पहाटे फिरायला येणाऱ्या पुणेकरांना, सोसायट्यांच्या कमिटीवर असलेल्यांना आणि तिथल्या बागा राखणाऱ्या माळीदादांना हे आवाहन आहे. मागणं लहान आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गणपती उठल्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत आपल्या आवारातली झुडपं आणि मेंदीचं कुंपण कापू नका. झाडाखालचा पाला झाडून नेऊ नका, जाळू तर अजिबात नका. आणि या दिवसांत रोज पंधरा मिनिटं एकाच झाडाखाली गप्प उभे राहा. कशासाठी, ते सांगते.

गौरी-गणपतीच्या सुमारास मुठेच्या पात्रात दगडांवरून शेपटी वरखाली हलवत चालणारा करडा धोबी दिसायला लागतो. पोटाखाली पिवळा, पाठीवर राखाडी, बारीकसा. तो हिमालयाकडून आलेला असतो. त्याच्या मागोमाग आकाशात भोरड्यांचे थवे दिसतात. नवरात्रापर्यंत झाडांच्या शेंड्यांत हिरवट वटवटे येतात, मग लाल छातीचा माशीमार, मग थिरथिऱ्या. बसल्या जागी त्याची तांबूस शेपटी सतत थरथरते, म्हणून ते नाव. दसऱ्याच्या आगेमागे टेकडीच्या गवतात गप्पीदास काडीच्या टोकावर बसलेला असतो. हे सगळे पाहुणे आपण घाईत चालत असतो तेव्हा आपल्या डोक्यापासून चार-पाच हातांवर असतात.

यातला एक पक्षी मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण त्याचं माझ्या हातून नुकसान झालं आहे. त्याचं नाव ब्लाइथचा वटवट्या. दिसायला काहीच नाही: मातकट तपकिरी पाठ, मळकट पांढरं पोट, डोळ्यावर फिकट रेघ. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे साखर. फिनलंडपासून रशिया आणि मध्य आशियापर्यंतच्या झाडझाडोऱ्यात तो उन्हाळ्यात पिल्लं वाढवतो. मग जगातले जवळजवळ सगळे ब्लाइथचे वटवटे थंडीसाठी भारतीय उपखंडात येतात. पिल्लं वाढवायच्या जागी तो तीन-चार महिनेच असतो. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंतचा मोठा काळ तो आपल्याकडे राहतो. त्याचं घर कोणतं म्हणायचं, हे मग तुम्हीच ठरवा.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला मेंदीचं दाट, डोक्याएवढं कुंपण होतं. तीन हिवाळे त्या कुंपणाच्या एकाच टोकातून 'चक्... चक्' असा आवाज यायचा. दोन दगड एकमेकांवर आपटावेत तसा, पण बारीक. दिसायचा क्वचित. खाली वाकून, मेंदीच्या काड्यांमधून पाहिलं तर मुंग्या आणि कोळी टिपत आतल्या आत सरकणारी एक तपकिरी हालचाल. तिन्ही वर्षं तोच पक्षी होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याच्या पायात अभ्यासक ओळखीसाठी घालतात ती अंगठी नव्हती. पण अंगठी घातलेले वटवटे दरवर्षी त्याच जागी परत आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातल्या आहेत. मुंबईतल्या एका बागेत अंगठी घातलेला एक धोबी लागोपाठ काही वर्षं त्याच हिरवळीवर उतरायचा, असं पक्षितज्ज्ञ सालिम अलींनीही लिहून ठेवलं आहे.

चौथ्या वर्षी मी कमिटीवर होते. दिवाळीआधी आवार नीटनेटकं दिसावं म्हणून कुंपण गुडघ्यापर्यंत छाटायचा ठराव झाला आणि त्यावर माझीही सही होती. कुंपणातला तो पक्षी तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही. छाटणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेंदीच्या उघड्या बुंध्यांमध्ये फिरत होता. कावळ्यांना दिसत होता, मांजरालाही दिसत होता. तिसऱ्या दिवशीही होता. चौथ्या दिवशी नव्हता. त्यानंतर त्या कुंपणातून आवाज आला नाही. मेंदी वर्षभरात पुन्हा वाढली.

आपल्या दिवाळीच्या साफसफाईची वेळ आणि त्यांच्या येण्याची वेळ नेमकी एकच आहे. पाऊस ओसरला की झाडोरा माजलेला असतो, म्हणून कोयता चालवायचा. पण त्याच झाडोऱ्यात पावसाळाभर वाढलेल्या अळ्या, कोळी, मुंग्या, नाकतोडे असतात आणि त्याच आठवड्यांत हजारो मैलांवरून आलेला, अंगातली चरबी संपवून छातीचे स्नायूही जाळत आलेला पक्षी उतरतो. यातले बहुतेक लहान पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड असते, ससाणे-शिकरे नसतात, दिशा ठरवायला तारे असतात आणि पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना कळतं. दिवस खाण्यासाठी राखून ठेवायचा. उजाडायला लागलं की जिथं असतील तिथं उतरावं लागतं. खाली पुणं असेल तर पुण्यात उतरतात आणि मग जो हिरवा तुकडा सापडेल तो. टेकडी सापडली तर नशीब. नाहीतर तुमच्या इमारतीच्या मागची दहा फुटांची पट्टी.

कमिटीच्या बैठकीत याला दोन उत्तरं येतात, दोन्ही मी ऐकली आहेत. एक, झाडीत डास होतात. डास साठलेल्या पाण्यात होतात. कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचं भंगार आणि टाकीची उघडी झाकणं बघा, मेंदीला दोष देऊ नका. दुसरं, साप निघतात. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पायवाटेच्या आणि मुलांच्या खेळायच्या जागेच्या कडेची तीन फूट पट्टी जरूर साफ ठेवा. पण मागचा कोपरा, भिंतीकडची रांग, मोठ्या झाडाखालचा पाला राहू द्या. छाटायचंच असेल तर अर्धं आता, अर्धं डिसेंबरात. औषध फवारणी मात्र या तीन महिन्यांत थांबवाच, किडे मेले की पक्ष्याला आपल्या दाट कुंपणाचाही उपयोग नाही. पाला जाळण्याबद्दल वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादानं 2016 साली उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही पाच हजार रुपये दंड ठरवला. तरी ऑक्टोबरात संध्याकाळी आमच्या रस्त्यावर धूर असतोच.

पाला कुणासाठी ठेवायचा, तर नवरंगासाठी. हिरवी पाठ, निळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. इतके रंग अंगावर असून तो जमिनीवर, पाल्यात चोच मारत फिरतो आणि म्हणून दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तो उत्तरेकडे आणि मध्य भारतात पिल्लं वाढवायला जातो, पाऊस संपला की दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे निघतो. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो पहाटे आणि तिन्हीसांजेला ओरडतो. एका ऑक्टोबरात आमच्या जिन्याच्या काचेवर तो पहाटे आपटला. वॉचमननं हाक मारली तेव्हा तो फरशीवर डोळे अर्धे मिटून बसला होता, चोच उघडी, अंग धडधडत होतं. हातात घेतला तर वजनच जाणवेना.

असा पक्षी तुम्हाला सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुनं सुती फडकं घाला, पक्षी ठेवा, झाकण लावा आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून द्या. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. तास-दीड तासानं खोकं झाडाखाली नेऊन उघडा. आमचा नवरंग उघडल्यावर क्षणभर तसाच बसला, मग जमिनीलगत उडत कंपाउंडपलीकडच्या करंजाखाली गेला. पंख तुटलेला असेल, रक्त येत असेल किंवा पक्षी उडत नसेल तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

काचेचं हे संकट मोठ्या शहरांत फार मोठं आहे. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी मॅकॉर्मिक प्लेस नावाची प्रचंड प्रदर्शन-इमारत आहे. 5 ऑक्टोबर 2023 ला त्या एका इमारतीच्या काचांवर आपटून सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म बसवली आणि मरणारे पक्षी एकदम घटले. खराडी, बाणेर, हिंजवडीकडे आता काचेच्या इमारतीच इमारती आहेत. तिथं काम करणाऱ्यांनी आपल्या व्यवस्थापनाला ही गोष्ट सांगावी. आणि आपण सगळ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री दहानंतर गच्चीवरचे, दर्शनी भिंतीवरचे शोभेचे दिवे बंद करावेत. दिवाळीचे चार दिवस सोडा, आकाशकंदील हवाच. बाकीच्या रात्री तो झगमगाट कुणासाठी असतो?

टेकडीवरच्या मंडळींना थोडं वेगळं सांगायचं आहे. कुत्रा साखळीनं बांधून आणा, गवतात मोकळा सोडू नका. पक्ष्यांसाठी म्हणून बिस्किटं, फरसाण टाकू नका. त्यानं कावळे आणि घुशी वाढतात, वटवट्याला त्याचा काही उपयोग नाही. फोटो काढणाऱ्या मित्रांनो, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला दुसऱ्या पक्ष्याशी भांडायला लावणं आहे ते. त्याला खाऊ द्या, फोटो उद्याही मिळेल. आणि झाडं लावणाऱ्यांनी एवढं बघा: गिरिपुष्पाच्या रांगांमध्ये मला वटवट्या क्वचित दिसतो, काटेरी हेकळाच्या झुडपात मात्र हमखास दिसतो. हेकळ, बाभूळ, खैर यांना "काटेरी जंगल" म्हणून उपटू नका.

आता पाहण्याबद्दल. हा आवाहनाचा दुसरा भाग आहे आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस पाहायला लागला की कोयता आपोआप थांबतो. दुर्बीण नसली तरी चालतं. आपल्या आवारातलं एक झाड निवडा, आंबा, उंबर, बाभूळ, काहीही. सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान तिथं जा, हेडफोन काढा, उभे राहा. पहिली पाच मिनिटं काही दिसणार नाही. मग एखादं पान वारा नसताना हलेल. तिथं बघत राहा. वहीत तारीख, वेळ, झाड आणि जे दिसलं ते लिहा. नाव येत नसेल तर रंग लिहा, शेपटी कशी हलत होती ते लिहा. 2007 साली सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' उपक्रमानं देशभरच्या साध्या माणसांकडून एवढंच मागितलं होतं: स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कधी दिसला. आज तीच नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. पायात अंगठी दिसली तर फोटो काढून अंगठीवरची अक्षरं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

शाळेतल्या बाईंना आणि सरांना विनंती आहे की 5 ते 12 नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह केवळ चित्रकला स्पर्धेवर भागवू नका. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. दोघांचंही आयुष्य झाडाखाली उभं राहून पाहण्यात गेलं. सुटी असेल तर मुलांना घरच्या झाडाची वही करू द्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ पांगती गावात 2012 पर्यंत दर ऑक्टोबरात अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी पकडले जायचे. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेला निघालेले हे पक्षी तिथं विश्रांतीला उतरतात. लोकांचं त्यावर पोट होतं. पण सांगणारे सांगत गेले आणि 2013 च्या हंगामात गावानं शिकार थांबवली. तेच ससाणे नोव्हेंबरात आपल्या डोक्यावरून जातात आणि पुढं अरबी समुद्र एका दमात ओलांडतात. पांगतीच्या लोकांनी हंगामाची कमाई सोडली. आपल्याला फक्त माळीदादाला 'आत्ता नको, डिसेंबरात या' म्हणायचं आहे, त्यांची ठरलेली मजुरी न कापता.

कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते बघा आणि हा विषय पत्रिकेवर लिहून द्या. मी नवरात्रापासून दर रविवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीच्या जुन्या दगडखाणीपाशी, पाण्याच्या कडेला बसलेली असते. जवळ दोन दुर्बिणी आहेत, आळीपाळीनं घेऊ. पांढरे कपडे घालू नका, सोबत पाणी आणि एक वही आणा.